जुन्या घरातील सिगारेटचा शेष-गंध : नूतनीकरणाच्या संदर्भात एक विवेचन

एखाद्या घरात वर्षानुवर्षे सिगारेट ओढली गेली असेल, तर ओढणारी व्यक्ती ते घर सोडून गेल्यावरही वास मागे राहतो, हा अनुभव काही नवा नव्हे. नवल वाटते ते ह्याचे की, खिडक्या महिनाभर उघड्या ठेविल्या, फरशी घासली, भिंतींना नवा रंग दिला, तरी तो वास परत येतो. नव्या रंगाचा दर्प ओसरला की आठपंधरा दिवसांत तो शिळा, किंचित कडवट वास पुन्हा जाणवू लागतो आणि पावसाची पहिली सर आली की अधिकच तीव्र होतो. घरमालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी रंगाला देतो. वस्तुतः चूक असते ती वास हवेत आहे ह्या समजुतीत. हवा ही त्याची केवळ वाहक होय. त्याचे मूळ भिंत, छत, लाकूड व कापड ह्यांच्या पृष्ठभागांवर आणि त्यांच्या छिद्रांत असते. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे कोणते उपाय व्यर्थ आहेत, कोणते सार्थ आहेत आणि नूतनीकरणाच्या कामांत त्यांना कोठे स्थान द्यावयाचे, हे प्रश्न पुष्कळसे आपोआप उलगडतात.

हा विचार कळंबोलीच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईचे जे विभाग वसविले त्यांपैकी कळंबोली हा एक असून, २०१६ पासून तो पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतो. मुंबईतील लोखंड-पोलादाचा घाऊक बाजार हलविण्यासाठी येथेच जागा योजण्यात आली. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा आरंभही येथेच होतो. मालमोटारींची अहोरात्र वर्दळ, जवळचे तळोजे औद्योगिक क्षेत्र आणि सखल भूमीमुळे पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल, ही तिन्ही ह्या वसाहतीची नित्याची अंगे होत. सिडकोने बांधलेल्या येथील बैठ्या व कमी मजल्यांच्या इमारतींतील अनेक घरे आता जुनी झाली आहेत. ती विकली जातात, विकत घेणारे कुटुंब गवंडी, सुतार व रंगारी लावून ती नव्यासारखी करून घेते. अशा खरेदीत बहुधा आयुष्याची बचत गुंतलेली असते. घर पाहावयास जाताना खिडक्या उघड्या असतात, उदबत्ती लावलेली असते, आणि वासाची खरी जाणीव होते ती पैसे चुकते झाल्यावर. घरात रांगते मूल असले तर हा प्रश्न केवळ नाकाचा राहत नाही.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी करणारा केंद्रीय कायदा २००३ सालचा आहे व त्याखालील सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. घराच्या आत मात्र हे नियम पोहोचत नाहीत. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ साली झाली, तीत ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याच्या धुराचा संसर्ग होत असल्याचे आढळले. ज्या घरांत हा धूर होतो त्यांतील काही घरे आज ना उद्या हस्तांतरित होणारच. मागील रहिवाशाच्या सवयीचा अवशेष पुढील रहिवाशाच्या वाट्याला येतो तो असा.

सिगारेटच्या धुरात काही हजार संयुगे असतात. त्यांपैकी गंधाच्या दृष्टीने महत्त्वाची संयुगे थोडी आहेत: पिरिडीन व त्याची ३-व्हायनिल पिरिडीनसारखी अनुजात संयुगे, पायराझिने, फिनॉले, काही आल्डिहाइडे. ह्यांपैकी कित्येकांची गंधसीमा फार खाली असते, म्हणजे हवेत अत्यल्प प्रमाणात असली तरी ती नाकाला कळतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, हा वास तंबाखूचा नव्हे. निपाणीच्या वखारीत शिरताना जो उग्र परंतु काहीसा गोडसर दर्प येतो तो पानाचा असतो. विझलेल्या सिगारेटचा वास हा त्याच पानाच्या ज्वलनात व अर्धज्वलनात तयार झालेल्या निराळ्या द्रव्यांचा असतो. विडीच्या धुराचेही तेच. तेव्हा घरात पूर्वी विडी ओढली जात होती की सिगारेट, ह्यामुळे पुढील विवेचनात फारसा फरक पडत नाही.

गंधद्रव्यांबरोबर जी दोन द्रव्ये भिंतीवर बसतात त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. पहिले डांबरसदृश राळ. धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते भिंतीवर, छतावर, पंख्याच्या पात्यांवर बसून तपकिरी, चिकट थर तयार होतो. हा थर स्वतः मंद वासाचा असला तरी त्यात इतर बाष्पनशील संयुगे विरघळून राहतात आणि सावकाश बाहेर पडतात. दुसरे द्रव्य निकोटिन. हायडेलबर्ग येथील पोसेल्ट व रायमान ह्यांनी १८२८ साली तंबाखूपासून हे वेगळे केले. ते एक तेलकट, रंगहीन द्रव असून २४७ अंश सेल्सिअस तापमानास उकळते. उत्कलनबिंदू इतका उंच असल्यामुळे घरातील तापमानाला ते झपाट्याने उडून जात नाही. परंतु पुरतेपणी घन वा जडही नसते. हवेतून पृष्ठभागावर आणि पृष्ठभागावरून पुन्हा हवेत अशी त्याची ये-जा चालू राहते. ह्या पृष्ठशोषणाच्या व उलट दिशेच्या क्रियेमुळेच भिंत ही एखाद्या टाकीसारखी होते: धूर असताना भरत जाते, धूर थांबल्यावर पाझरत राहते.

ह्या टाकीचे परिमाण किती असू शकते ह्याची कल्पना एका साध्या हिशेबाने करता येईल. ३ मीटर रुंद, ३.५ मीटर लांब व २.७ मीटर उंच अशी एक खोली घ्यावी. तिचे आकारमान सुमारे २८ घनमीटर, आणि भिंती, छत व फरशी मिळून पृष्ठफळ सुमारे ५६ चौरस मीटर. ह्या खोलीत रोज १० सिगारेटी ह्याप्रमाणे १० वर्षे धूम्रपान झाले तर एकूण सिगारेटी ३६,५०० होतात. प्रत्येकीमागे केवळ १ मिलिग्रॅम निकोटिन पृष्ठभागांना चिकटले असे गृहीत धरले तरी एकूण ३६ ग्रॅमांहून अधिक भरते. त्यातील नऊ-दशांश भाग ऑक्सिडीकरणाने, झाडलोटीने वा अन्य मार्गांनी नाहीसा झाला असे मानून उरलेले साडेतीन ग्रॅमच जमेस धरू. आता सिगारेट बंद झाल्यावर खोलीतील हवेत निकोटिनाची संहती प्रतिघनमीटर १ मायक्रोग्रॅम राहते आणि तासाला एकदा सर्व हवा बदलते असे समजावे. दिवसाकाठी बाहेर जाईल ते ६७२ मायक्रोग्रॅम, म्हणजे वर्षाला पाव ग्रॅमहूनही कमी. साडेतीन ग्रॅम रिकामे व्हावयास चौदा वर्षे लागतील! हे आकडे मोजमापाचे नव्हेत, मानलेले आहेत. प्रत्यक्ष घरागणिक ते बदलतील. परंतु खिडक्या उघड्या ठेवून ही टाकी रिकामी होण्याची वाट पाहणे का फोल ठरते, हे समजण्यास ते पुरेसे आहेत.

प्रत्यक्ष पाहणीचा दाखलाही असाच आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे गेऑर्ग मॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांनी रिकाम्या केलेल्या घरांचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही घरे सुमारे दोन महिने रिकामी होती, नव्या रहिवाशांसाठी साफ करण्यात आली होती, तरीही धूळ व पृष्ठभाग ह्यांवर निकोटिन आढळले. इतकेच नव्हे, तर तेथे राहावयास आलेल्या धूम्रपान न करणाऱ्यांच्या बोटांवरही ते आढळले. अशा अवशेषाला इंग्रजीत ‘थर्ड-हँड स्मोक’ म्हणतात व २००९ च्या सुमारास हा शब्द वैद्यकीय लेखनात रुळला. मराठीत त्यास ‘शेष-धूर’ म्हणता येईल.

शेष-धूर नुसता पडून राहत नाही, बदलतो. बर्कली येथील लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० साली असे दाखवून दिले की, पृष्ठभागावरील निकोटिनाची हवेतील नायट्रस अम्लाशी विक्रिया होऊन तंबाखूशी निगडित नायट्रोसअमाइने तयार होतात. त्यांपैकी एनएनके व एनएनएन ह्या दोहोंची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात निश्चित कर्कजनक ठरलेल्या द्रव्यांत केली आहे. नायट्रस अम्ल येते कोठून? वाहनांच्या इंजिनांतून आणि धुराडे नसलेल्या गॅसच्या शेगडीतून. महामार्गालगतचे घर आणि एकाच खोलीला लागून असलेले लहानसे स्वयंपाकघर, हे कळंबोलीचे सामान्य चित्र पाहता ह्या विक्रियेस लागणारी सामग्री तेथे हाताशी आहे, इतके म्हणता येईल. शेष-धुरामुळे किती जणांना कोणता रोग होतो ह्याचे गणित शास्त्राने अद्याप मांडलेले नाही आणि घाबरून घर सोडावे असेही त्यात काही नाही. मात्र रांगणारे, फरशीला हात लावून तोच तोंडात घालणारे मूल हे ह्या अवशेषाच्या मार्गात सर्वांत आधी येते, ह्याविषयी दुमत नाही.

उष्णता व आर्द्रता ह्यांचा परिणाम आता सहज समजेल. तापमान वाढले की बाष्पदाब वाढतो, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत वास उसळतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. हवेतील पाण्याचे रेणू गिलाव्याच्या व लाकडाच्या छिद्रांत शिरून तेथील जागा व्यापतात आणि पूर्वी बसलेल्या गंधरेणूंना बाहेर ढकलतात. डिसेंबरात रंगवून निर्गंध वाटलेले घर जूनमध्ये पुन्हा दरवळू लागते, त्यात गूढ असे काही नाही.

ह्यापुढील मुद्दा थोडा अधिक रासायनिक आहे, परंतु सर्व उपायांची किल्ली त्यातच आहे. निकोटिन हे क्षारक होय. अम्ल माध्यमात ते प्रोटॉन स्वीकारून लवण बनते. हे लवण बाष्पनशील नसते, पण पाण्यात विरघळते. क्षारीय माध्यमात ते मुक्त राहते आणि मुक्त निकोटिन हवेत उडू शकते. दोहोंची सीमा पीएच ८ च्या आसपास आहे: पीएच ५ असताना हजारांत एखादाच रेणू मुक्त असतो, तर पीएच ११ असताना जवळजवळ सर्वच मुक्त असतात. आता आपल्याकडील भिंतीचा विचार करावा. ताज्या सिमेंटच्या गिलाव्याचे वा चुन्याच्या निवळीचे पीएच मूल्य १२ च्या वर असते. सिगारेटने पिवळ्या झालेल्या भिंतीवर सरळ चुन्याची सफेदी दिली, तर डाग काही काळ झाकला जातो खरा, परंतु खालचे निकोटिन बांधले न जाता उलट मोकळे होते. सफेदी केली की घर शुद्ध झाले, ही आपली जुनी धारणा जंतूंच्या बाबतीत काही अंशी खरी आहे. येथे ती उपयोगी पडत नाही.

प्रचलित घरगुती उपायांचे मूल्यमापनही ह्याच कसोटीने करता येते. वाटीत खाण्याचा सोडा भरून कोपऱ्यात ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. सोडा हा सौम्य क्षारक. तो अम्लजन्य वास काही प्रमाणात शोषील, पण निकोटिन व पिरिडीन हीच मुळी क्षारके असल्यामुळे त्यांचे उदासिनीकरण तो करू शकत नाही. वाटीभर शिरका, म्हणजेच व्हिनेगर, ठेवणे हे तत्त्वतः अधिक बरोबर. मात्र वाटीतून उठणारी बाष्पे भिंतीच्या छिद्रांत शिरून काम करतील ही अपेक्षा अवास्तव होय. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ ५०० ते १५०० चौरस मीटर असते व तो हवेतील गंधद्रव्ये खरोखर पकडतो, तरी टाकी पाझरत असताना खालचे ओले पुसत बसण्यासारखे ते आहे. मूळ साठा काढल्यावर उरल्यासुरल्या वासासाठी कोळसा अवश्य वापरावा. ऊद, धूप व कापूर ह्यांविषयी इतकेच सांगावयाचे की, ज्वलनाचा धूर ज्वलनाच्याच धुराने घालवण्याचा हा प्रयत्न आहे. वास्तुशांतीला त्यांचे स्थान आहेच, पण गंधशुद्धीचे काम त्यांच्यावर सोपवू नये.

ओझोन सोडणाऱ्या यंत्रांचा बोलबाला अलीकडे पुष्कळ आहे. ओझोनाची निकोटिनाशी विक्रिया होते आणि वास कमी होतो हे खरे. परंतु विक्रियेत फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. शिवाय ओझोन स्वतः फुप्फुसांना अपायकारक आहे आणि छिद्रांत खोलवर तो पोहोचत नाही. रिकाम्या घरात, जाणत्या माणसाने, नंतर भरपूर हवा खेळवून केलेला प्रयोग एक वेळ क्षम्य. राहत्या घरात तो कदापि करू नये.

मग करावयाचे काय? नूतनीकरण चालू असलेल्या घराला एक मोठी अनुकूलता असते: घर रिकामे असते आणि मोडतोड तशीही होणारच असते. ही संधी एकदाच येते. नवी लांबी भरली, नवे छत लावले, नवी कपाटे ठोकली की जुना साठा आत बंद होतो आणि पुढे पोहोचणे अशक्य होते. म्हणून गंधनिवारण हे रंगकामाच्या शेवटी करावयाचे काम नसून तोडफोड संपल्यावर व पहिला नवा गिलावा लागण्यापूर्वी करावयाचे काम आहे. गवंडी, सुतार व रंगारी हे तिघे निरनिराळ्या दिवशी येतात आणि प्रत्येक जण आपल्यापुरते पाहतो; त्यामुळे हा क्रम पाळवून घेण्याची जबाबदारी घरमालकाचीच राहते.

आरंभी जे धुतले जाऊ शकत नाही ते काढून टाकावे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत हे त्यांत अग्रगण्य. धूर वर चढतो, छताला सर्वांत जाड थर बसतो, आणि पाणी लागल्यास प्लास्टर मऊ पडते. ते वाचविण्याचा मोह धरू नये. पडदे, गालिचे, कापूस भरलेल्या खुर्च्यांची आच्छादने, माळ्यावरील पुठ्ठे व जुनी वर्तमानपत्रे ह्यांचाही निरोप घ्यावा. कापूस निकोटिन विलक्षण धरून ठेवतो. जुन्या मालकाने मागे ठेवलेली गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतल्याने कापूस फुलतो, स्वच्छ होत नाही. रंग न लावलेल्या प्लायवुडची आतली बाजू, कपाटांच्या पाठी, खणांचे तळ, हे भाग रंगारी कधीच पाहत नाही आणि वास मात्र तेथेच दडून बसतो; शक्य तर ते बदलावे.

भिंतीवर जुने साधे डिस्टेंपर किंवा चुन्याचे थर असतील तर ते धुणे व्यर्थ आहे, खरवडूनच काढावयाचे. परंतु कोरडे खरवडू नये. पाणी मारून, ओले करून खरवडावे. ह्याची कारणे दोन. पहिले असे की, धुळीबरोबर शेष-धूर सर्व घरात पसरतो व कामगाराच्या फुप्फुसांत जातो. दुसरे कारण तेलरंगाचे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली निघून १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या खिडक्यादारांवरील तेलरंगात शिसे असण्याचा संभव गृहीत धरलाच पाहिजे, आणि काचकागदाने उडणारी त्याची पूड लहान मुलांना निकोटिनाहूनही घातक आहे. खरवडणाऱ्या माणसाला चांगला मुखपट व रबरी हातमोजे देणे हा येथे उपकार नव्हे. तंबाखूच्या ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना त्वचेवाटे भिनलेल्या निकोटिनाने मळमळ व चक्कर येते हे प्रसिद्धच आहे; भिंतीवरील प्रमाण त्या मानाने पुष्कळ कमी असले तरी मार्ग तोच आहे.

धुण्याजोगे पृष्ठभाग, म्हणजे तेलरंग, चांगल्या प्रतीचे इमल्शन, लोखंडी जाळ्या, चकचकीत टाइल, काच, सनमायका, ह्यांना दोन धुणी द्यावी लागतात आणि ती परस्परविरुद्ध स्वभावाची असतात. राळ स्निग्ध व अंशतः अम्लधर्मी असल्यामुळे ती क्षाराने निघते: धुण्याचा सोडा व साबणाचे द्रावण, कोमट पाण्यात. ह्या पहिल्या धुण्यात पाणी काळपट-पिवळे होते ते पाहण्यासारखे असते. ते वरचेवर बदलले नाही तर एका भिंतीची राळ दुसरीवर लागते. भिंत खालून वर धूत जावे, कारण वरून ओघळलेले मळकट पाणी कोरड्या भिंतीवर पडल्यास त्याचे पट्टे निघत नाहीत. नंतर स्वच्छ पाण्याने क्षार काढून टाकावा. आता राळेखालचे निकोटिन उघडे पडलेले असते व क्षाराने मुक्तही झालेले असते; म्हणून दुसरे धुणे सौम्य अम्लाचे. बाजारी शिरक्यात सुमारे ४ टक्के ॲसिटिक अम्ल असते. त्यात तितकेच पाणी घालून ते पुरते. पुन्हा साध्या पाण्याने पुसून घ्यावे. हे काम चालू असताना विजेचा मुख्य खटका बंद असावा आणि बटणांच्या पेट्या ओल्या फडक्याने, काळजीपूर्वक, स्वतंत्रपणे पुसाव्या. अम्लाच्या धुण्यात ब्लीचिंगचे द्रावण मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, ही सूचना कामगारांना आधीच दिलेली बरी, कारण स्वच्छता म्हटली की ब्लीचिंगची बाटली आपोआप पुढे येते.

अम्लाच्या धुण्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जुन्या घरांतून शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा आढळतो. हे दोन्ही दगड चुनखडीचे; अम्ल लागताच त्यांवर बुडबुडे येतात, झिलई जाते व पृष्ठ खडबडीत होऊन उलट अधिक मळ धरू लागते. संगमरवर व मोझेक ह्यांनाही तोच नियम. तेथे साबण, भरपूर पाणी व चिकाटी ह्यांवरच भागवावे. उघड्या गिलाव्यावरही अम्ल फुकट जाते, कारण गिलाव्यातील कॅल्शियम कार्बोनेटच ते खाऊन टाकते. जेथे वर्षानुवर्षे कोणी एकाच जागी बसून सिगारेट ओढली असेल, त्या कोपऱ्यातील गिलावा विटेपर्यंत काढून नवा करणे पुष्कळदा स्वस्त पडते.

धुणे संपल्यावर वाळवणे. ह्या टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. भिंत हाताला कोरडी लागली म्हणजे आतून कोरडी असतेच असे नाही. पॉलिथिनचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर थांबावे. कळंबोलीत जून ते सप्टेंबर ही परीक्षा उतरणे कठीण, तेव्हा हे काम ऑक्टोबरनंतर काढलेले उत्तम. बाहेरून गळती वा तळातून ओल येत असेल तर तिचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे, नाहीतर पुढचा सर्व खटाटोप पापुद्रे होऊन गळून पडेल.

आता रंगापूर्वीचे आच्छादन. पाण्यात कालवलेला नेहमीचा प्रायमर वा इमल्शन येथे अपुरे पडते. राळेतील तपकिरी द्रव्ये पाण्यात काही अंशी विरघळतात आणि ओल्या रंगातून वर येऊन डाग उमटवतात. वाळलेला पापुद्राही सच्छिद्र असल्यामुळे बाष्पे त्यातून वाट काढतात. ह्या कामी परदेशांत जी आच्छादने नावाजलेली आहेत त्यांचा आधार लाख आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने मौजेची आहे. भारत हा लाखेच्या प्रमुख उत्पादक देशांपैकी एक असून रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ सालापासून स्वतंत्र संस्था आहे. आपल्याकडील पॉलिशवाला पिढ्यान्‌पिढ्या चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावीत आला आहे. स्पिरिट झटकन उडून जाते, राळ विरघळून वर येण्यास अवसर मिळत नाही, आणि लाखेचा घट्ट पापुद्रा गंधरेणूंना अडवतो. कपाटे, दारे व लाकडी चौकटी ह्यांसाठी हा उपाय उत्कृष्ट होय. मात्र मेण काढलेली लाख घ्यावी, एरवी वरचा रंग नीट धरत नाही. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने काम चालू असताना विस्तव वा विडी जवळ नको. येथे एक विरोधाभास मात्र आहे: लाख क्षारात विरघळते. म्हणून ताज्या सिमेंटच्या, चुन्याच्या किंवा ओलसर भिंतीवर ती टिकणार नाही. तेथे क्षार सोसणारा, तेलयुक्त अथवा अन्य विद्रावकाचा डागरोधक प्रायमर निवडावा आणि नव्या गिलाव्याला आधी पुरेसे दिवस मुरू द्यावे.

आच्छादन हे स्वच्छतेला पर्याय नव्हे. न धुतलेल्या भिंतीवर दिलेला उत्तम प्रायमरही राळेच्या चिकट थरावर बसलेला असतो, भिंतीवर नव्हे; खिळा ठोकला, तडा गेला की तेथून वास पुन्हा सुटतो. कंत्राटदार दोन हात प्रायमरचा आग्रह धरतो व धुण्याचा खर्च वगळतो, त्यात त्याचा वेळ वाचतो. घरमालकाने हिशेब उलट करावा.

वातानुकूलन यंत्र, पंखे व स्वयंपाकघरातील धूर ओढणारी चिमणी ह्यांचा उल्लेख थोडक्यात केला तरी चालेल. यंत्राच्या आतील थंड, ओलसर पत्र्यांवर राळ व धूळ मिळून लगदा जमतो. यंत्र सुरू केले की पहिली झुळूक तीच घेऊन येते. ते उघडून धुवून घ्यावे, अथवा बदलावे. दाराच्या रबरी पट्ट्या व मच्छरजाळ्यांचे कापड ह्यांची किंमत क्षुल्लक असते. ती नवीच घालावी.

काम पुरे झाले की नाही हे ठरविताना घरात सतत वावरणाऱ्याच्या नाकावर विसंबू नये. घ्राणेंद्रिय थोड्याच मिनिटांत एकाच वासाला सरावते. विकणारा मालक ‘येथे काही वास नाही’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. रंगाचा दर्प पूर्ण गेल्यावर, उन्हाच्या दिवसात, घराच्या खिडक्या चोवीस तास बंद ठेवाव्या आणि धूम्रपान न करणाऱ्या, त्या घरात पूर्वी न आलेल्या माणसाला दुपारी आत बोलवावे. पहिल्या दोन-तीन श्वासांत त्याला जे जाणवेल ते प्रमाण मानावे. वास जाणवला तर प्रत्येक खोली, मग प्रत्येक कपाट, अशा क्रमाने दारे लावून घेऊन त्याचे ठिकाण शोधता येते. शिरक्यात भिजवलेले पांढरे सुती फडके संशयित जागी घासून पाहावे. ते पिवळे झाले तर धुणे तेथे अपुरे राहिले आहे.

कित्येकदा असे होते की, फडके पांढरेच राहते, भिंती निर्दोष ठरतात, आणि तरीही रात्री दहाच्या सुमारास वास येतो. अशा वेळी तो ताजा असतो, शेष नव्हे. स्नानगृहाच्या झरोक्यातून, नळांच्या सामायिक पोकळीतून किंवा खालच्या मजल्याच्या गॅलरीतून तो वर येतो. नळ भिंतीतून जेथे शिरतात त्या भोवतालच्या फटी सिमेंटने बुजवणे आणि झरोक्यातील पंख्याला उलट हवा अडविणारी झडप बसविणे, एवढे घरमालकाच्या हाती असते. हे कामही टाइल लावण्यापूर्वी आठवले तर एका दिवसाचे असते. नंतर त्यासाठी नवी टाइल फोडावी लागते.